सीएफच्या लहान मुलांचं नेब्युलायझर बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. ताई, आम्ही आठ दिवस झाले पिल्लूचं मशीन बंद ठेवलंय, चुकलं का गं? भाची साडेतीन वर्षांची आहे, तिला सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे सीएफ आहे (फुप्फुसात चिकट कफ साचत राहणारा जन्मजात आजार), रोज सकाळ-संध्याकाळ मशीनने सात टक्के सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन आणि त्यानंतर छातीची फिजिओ हे तिचं ठरलेलं, आणि ते बंद का, तर एक फॉरवर्ड आला. तो आधी बहिणीच्या सासूबाईंना त्यांच्या मैत्रिणीकडून आला आणि वाचून त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. आजींवर माझा अजिबात राग नाहीये, नातीच्या काळजीपोटीच त्यांनी केलं. राग आहे तो ज्याने कोणी हे लिहिलं त्याच्यावर, कारण त्याने दोन-तीन अर्धवट खऱ्या गोष्टी घेऊन त्यांच्याभोवती धडधडीत खोटं गुंडाळलंय आणि शेवटी जो घरगुती उपाय सांगितलाय तो या मुलांसाठी सरळसरळ धोक्याचा आहे.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. नेब्युलायझरने लहान मुलांची फुप्फुसं सुकतात. त्यात स्टेरॉइड असतं आणि सवय लागते. खारट औषधाने किडनी बिघडते. मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय की लहान मुलांना उपयोग होत नाही. नवीन गोळ्या आल्यापासून मशीनची गरजच संपलीय. आणि द्यायचंच असेल तर घरी खडेमीठ पाण्यात उकळून त्याची वाफ द्या नाहीतर तेच पाणी मशीनमध्ये घाला, समुद्राच्या हवेसारखा गुण येतो. हो, आणि मूल मास्क लावू देत नसेल तर लांबून धरा, तेवढंच पोचतं.

शेवटून सुरू करते कारण बाकीचं वाचून माणूस फार तर गोंधळेल, पण मिठाच्या पाण्याचं वाचून खरंच करून बसेल.

आधी वाफ. मिठाचं पाणी उकळलं की वर जाते ती नुसती पाण्याची वाफ, मीठ वर येत नाही. पातेलं पूर्ण आटू द्या आणि तळाशी बघा, सगळं मीठ तिथेच पांढरं होऊन बसलेलं असतं. म्हणजे मुलाला मिळालं काय, तर गरम ओलसर हवा, आणि समोर उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन बसलेलं तीन वर्षांचं मूल. वाफ घेताना भाजलेली लहान मुलं हॉस्पिटलात येतात, ही काही मनाची भीती नाहीये. नेब्युलायझर पाणी उकळवत नाही. तो औषधाचे इतके बारीक थेंब करतो, साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, की ते मिठासकट श्वासनलिकांच्या आतपर्यंत जातात. वाफ आणि नेब्युलायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींतून धूर निघताना दिसतो एवढंच काय ते साम्य.

आणि दुसरा सल्ला, तेच पाणी मशीनमध्ये घाला, हा वाचून माझे हात थरथरले. सात टक्के म्हणजे १०० मिलीत ७ ग्रॅम मीठ. चमच्याने ते मोजणार कसं? खडेमीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही, उकळताना पाणी उडतं आणि पाणी आणखी खारट होत जातं, मग नक्की किती टक्के झालं हे कोणालाच कळणार नाही. जास्त खारट झालं तर श्वासनलिका आवळतात. पण खरं संकट मिठाचं नाहीये, पाण्याचं आहे. स्युडोमोनास नावाचा जंतू नळ, सिंक, ओलसर भांडी अशा जागी आरामात राहतो, निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही, पण सीएफच्या फुप्फुसातल्या चिकट कफात त्याला घरच मिळतं. एकदा तो तिथे नीट मुरला, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करून बसला, की त्याला बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून तर तो पहिल्यांदा सापडला की लगेच श्वासातून द्यायचं अँटिबायोटिक सुरू करतात, टोब्रामायसिन साधारण २८ दिवस, म्हणजे तो मुरायच्या आत निघावा. आता विचार करा, घरचं पाणी, घरचा चमचा, उकळून गार करून दिवसभर झाकून ठेवलेलं, आणि ते बारीक फवारा करून थेट आत सोडायचं. जंतू आत पोचवायला याहून सोपी वाट शोधून सापडणार नाही. औषधाच्या त्या छोट्या बंद कुप्या उगाच नसतात, आतलं पाणी निर्जंतुक असतं, प्रमाण ठरलेलं असतं, एक फोडायची, वापरायची आणि उरलं तर टाकून द्यायचं.

याच कारणाने मशीनचा कप आणि मास्क प्रत्येक वेळी वापरल्यावर साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग निर्जंतुक करायचे (उकळत्या पाण्यात ५ मिनिटं चालतं, पण आपल्या कपाला उकळणं चालतं का ते त्याच्या माहितीपत्रकात बघून) आणि पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. नुसतं विसळून ओलंच डब्यात ठेवणं चूक. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरं तर एवढं एकच फॉरवर्ड केलं असतं तरी कितीतरी मुलांचं भलं झालं असतं.

समुद्राच्या हवेचं मात्र थोडं खरं आहे, कबूल करते. ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की सीएफ असलेले जे लोक समुद्रात सर्फिंग करतात त्यांची छाती बरी राहते, आणि त्यातून खारट फवाऱ्याच्या विचाराला जोर आला. पण ते तिथेच थांबले नाहीत ना, त्यांनी ठराविक औषध करून रीतसर तपासलं. २००६ मध्ये तिथला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ६ वर्षांपुढचे १६४ पेशंट, ४८ आठवडे, दिवसातून दोनदा ४ मिली सात टक्के सलाइन, आणि छातीचा त्रास उसळण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असतं, म्हणजे औषधाच्या निम्मं, आणि किनाऱ्यावरच्या हवेत तर त्यातलं नावापुरतंच असतं.

आता फुप्फुसं सुकतात हे. इथे तर गोष्ट बरोब्बर उलटी केलीय. सीएफमध्ये सीएफटीआर नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं (त्याचा जीन १९८९ साली सापडला), ते पेशीतून क्लोराइड बाहेर सोडण्याचा दरवाजा असतं, दरवाजा चालत नाही म्हणून श्वासनलिकांच्या आतला पातळ पाण्याचा थर आटतो, कफ घट्ट होऊन चिकटून बसतो आणि त्याला वर ढकलणारे बारीक केस त्यात दबून जातात. म्हणजे कोरडेपणा हाच आजार आहे! खारट सलाइन तिथे पडलं की मीठ आजूबाजूच्या पेशींतून पाणी ओढून घेतं, थर पुन्हा ओला होतो, कफ सुटतो. तो सुटला की मूल खोकतं. बहीण म्हणाली मशीन बंद केल्यापासून खोकला कमी झालाय, आजींना वाटलं बघा बरं वाटतंय. मला ते ऐकून पोटात खड्डा पडला. फवारा घेतल्यावरचा तो खोकला हे औषध काम करत असल्याचं लक्षण आहे, बंद केल्यावर तो थांबला म्हणजे कफ आतच बसलाय.

त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. चव खारट लागते, घसा खवखवतो, काही मुलांची छाती आवळून घरघर लागते. म्हणूनच पहिला डोस डॉक्टरांच्या समोर देऊन बघतात आणि आधी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप देतात. घरघर लागली, मूल दमलं, ओठ निळसर दिसले तर थांबून ताबडतोब डॉक्टर गाठायचे, मेसेज वाचत बसायचं नाही.

स्टेरॉइडचं पटकन सांगते. नेब्युलायझर हे यंत्र आहे, त्यात जे घालाल ते तो देतो. सलाइन म्हणजे मीठ आणि पाणी. डॉर्नेज म्हणजे कफातल्या मेलेल्या पांढऱ्या पेशींचा चिकट डीएनए कापणारं एन्झाइम. टोब्रामायसिन अँटिबायोटिक. यातलं एकही स्टेरॉइड नाही. सवयीचं म्हणाल तर आजार रोजचा आहे म्हणून औषध रोजचं आहे, दात रोज घासतो त्याला आपण व्यसन म्हणत नाही. (एक आठवण, डॉर्नेज दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळून एकाच कपात द्यायचं नसतं, आणि ते फ्रीजमध्ये ठेवायचं.)

किडनीचं त्याहून सोपं आहे. ४ मिली सात टक्के म्हणजे २८० मिलिग्रॅम मीठ, त्यातलंही बरंच मशीनमध्ये आणि हवेत जातं. आणि सीएफच्या मुलांच्या घामातून इतकं मीठ जातं की आजाराचं निदानच घामातल्या क्लोराइडवरून करतात, लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्यापुढे आलं की सीएफ. या मुलांना डॉक्टर मीठ वरून द्यायला सांगतात. त्यांना मिठाची भीती घालायची?

आता तो मोठ्या अभ्यासाचा मुद्दा, इथे मला थोडं थांबायला हवं कारण हा अगदीच खोटा नाहीये. २०१२ मध्ये जामा या जर्नलमध्ये आयसिस नावाचा अभ्यास आला, ४ महिने ते ५ वर्षांची ३२१ मुलं, ४८ आठवडे, अर्ध्यांना सात टक्के सलाइन आणि अर्ध्यांना साधं ०.९ टक्के. छातीचा त्रास उसळण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. मेसेज इथे संपतो. शास्त्रज्ञ इथे संपले नाहीत. एवढ्या लहान मुलांना सर्दी-खोकला सारखाच होतो, त्यातला सीएफचा कुठला आणि साध्या व्हायरसचा कुठला हे सांगणं अवघड, म्हणून फरक असला तरी या मापाने तो दिसेलच असं नाही. आणि या वयाचं मूल फुप्फुसाची क्षमता मोजणारी फुंकण्याची टेस्ट धड देऊ शकत नाही. मग २०१९ मध्ये लॅन्सेटच्या श्वसनरोगांच्या जर्नलमध्ये शिप नावाचा अभ्यास आला, ३ ते ६ वर्षांची १५० मुलं, तीच दोन औषधं, तेच ४८ आठवडे, पण मोजलं वेगळं. मुलाने मास्क लावून नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि फुप्फुसातला वायू धुऊन निघायला किती श्वास लागतात ते यंत्र मोजतं, श्वासनलिका जागोजागी तुंबल्या असतील तर जास्त लागतात. सात टक्केवाल्या मुलांमध्ये हे माप स्पष्ट सुधारलं. आणि २०२२ मध्ये त्याचाच जोडअभ्यास आला, याच वयाच्या मुलांचे सीटी स्कॅन बघून, त्यातही ४८ आठवड्यांनी सात टक्केवाल्यांच्या श्वासनलिकांची खराबी कमी दिसली.

हे मला फार मोठं वाटतं. माझी भाची नेमकी त्याच वयाची आहे. वरून मूल हसतंय खेळतंय आणि आत श्वासनलिका हळूहळू रुंद होऊन बिघडत असतात, आणि एकदा बिघडलेली श्वासनलिका सहसा पूर्ववत होत नाही. छातीचा त्रास किती वेळा झाला या मापात शिप अभ्यासातही मोठा फरक दिसला नव्हता हेही सांगते, लपवत नाही. पण त्यावरून उपयोग होत नाही असं म्हणणं म्हणजे सीटी स्कॅन समोर असताना डोळे मिटून घेणं.

नवीन गोळ्यांचं अर्धं खरं आहे. तीन औषधांच्या एकत्र गोळीने, म्हणजे एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर, पुष्कळ पेशंटचं आयुष्य बदललंय, आणि ती घेणाऱ्यांमध्ये सलाइन किंवा डॉर्नेज ६ आठवडे थांबवून बघितलं तर फुप्फुसाच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही असा अमेरिकेतला अभ्यास आहे. पण तो १२ वर्षांपुढच्यांचा आहे, ज्यांची फुप्फुसं आधीच बऱ्यापैकी चांगली होती त्यांचा आहे, आणि ६ आठवड्यांचा आहे. तीन वर्षांच्या मुलीला, तेही गोळी चालू नसताना, हा निष्कर्ष कसा लावता? माझी भाची त्या गोळीवर नाहीये. तिच्याकडे आत्ता सलाइन आहे आणि फिजिओ आहे.

राहिलं मास्क लांबून धरायचं. हे मेसेजच्या आधीपासून घरोघरी चालतं आणि बहिणीकडेही चालायचं, म्हणून तिला फोनवरच सांगितलं. मास्क चेहऱ्यापासून दोन-तीन बोटं जरी लांब गेला तरी आत जाणारं औषध खूपच कमी होतं, बाकी सगळं गालावर आणि हवेत. रडणाऱ्या मुलाला जबरदस्तीने देणंही तितकंच निरुपयोगी, रडताना श्वास सोडणं लांब आणि घेणं एका हिसक्याचं असतं, औषध घशात अडकतं आणि गिळलं जातं. शांत करून, मांडीवर सरळ बसवून, मास्क नाकातोंडाला नीट टेकवून.

काल सकाळी बहिणीने डॉक्टरांना फोन करून आठ दिवसांचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी तपासायला बोलावलं, पहिला डोस पुन्हा तिथेच समोर दिला आणि कफ तपासायला घशातला नमुना घेतला, त्याचा रिपोर्ट यायचाय. मिठाचं पाणी मशीनमध्ये घातलं नव्हतं, वाफ मात्र दोनदा दिली होती. संध्याकाळचा डोस आजींनीच दिला, नातीला मांडीवर घेऊन, मास्क टेकवून, आणि ती खोकायला लागल्यावर त्या घाबरल्या नाहीत असं बहीण म्हणाली.