माळ्यावरची पंगत

आषाढातल्या एका रात्री, पावसाने जरा उसंत घेतली असताना, आमच्या डोक्यावरच्या माळ्यावरून एक आठळी गडगडत गेली. कोकणातल्या कौलारू घरात, फळ्यांच्या माळ्याखाली ज्यांनी झोप काढली आहे त्यांना हा आवाज वर्णन करून सांगावा लागणार नाही. फणसाची वाळलेली आठळी लाकडी फळीवरून घरंगळते तेव्हा तो आधी संथ असतो, मग घाईघाईचा होतो आणि आठळी फटीत अडकली की एकदम थांबतो. तो थांबला, मी कूस बदलली, आणि कोणीतरी ती आठळी फटीतून सोडवून पुन्हा ढकलली.

"ऐकलंत का?" पत्नीने विचारले. लग्नाला छत्तीस वर्षे झाल्यावर या प्रश्नाला "नाही" हे उत्तर चालत नाही एवढे मला समजलेले आहे. म्हणून मी म्हटले, "मांजर असेल."

"मांजर आठळ्या कधीपासून खायला लागलं?"

सकाळी शिडी लावून, हातात बॅटरी घेऊन मी वर गेलो. आमचा माळा म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे कोठार आहे. माती चोळून मडक्यात भरलेल्या आठळ्या, आमसुले, सुपारी, बियाण्यातून उरलेले भात, आणि त्यांच्या जोडीला तीन पिढ्यांचे पाट, बूड गेलेले एक घंगाळ आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक असा सगळा संसार तिथे नांदतो. त्या संसारात आता नवे कुटुंब येऊन राहिले होते. पोत्याला खालून भोक पडले होते, फळ्यांवर लेंड्या पसरल्या होत्या, आणि भिंतीलगतच्या वाशावर रोजच्या येण्याजाण्याने अंग घासून तेलकट काळा पट्टा उमटला होता. घूस जमीन उकरून खालून येते. हा वरचा रहिवासी म्हणजे काळा घरउंदीर, त्याला चढण्याची विद्या जन्मजात असते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे भूक असो वा नसो, काहीतरी कुरतडत राहणे त्याला भागच असते. हे ठाऊक असल्यामुळे मी त्याला बरेच काही माफ करायला तयार होतो; पण ट्रंकेचे झाकण उघडले तेव्हा आत सातबाराच्या जुन्या उताऱ्यावरचे माझ्या वडिलांचे नाव तेवढे नेमके खाल्लेले दिसले. जे आमच्या भाऊबंदांना तीस वर्षे कज्जा चालवून साधले नाही, ते या प्राण्याने एका रात्रीत, वकील न लावता केले होते.

त्याच दिवशी बाजारातून तारेचा पिंजरा आणला. आमिषाला काय लावावे यावर घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलीच्या लग्नातल्या जेवणावर झाली नव्हती. आई म्हणाली खोबरे, पत्नी म्हणाली तूप लावलेली पोळी; अखेर, मला स्वतःला खावेसे वाटत होते म्हणून, कांद्याचे भजे ठरले. पहाटे खटका पडला. आत एक चांगला पोसलेला उंदीर बसला होता. दार पडताना त्याच्या शेपटीचा शेंडा तुटला होता, म्हणून घरात त्याचे नाव तिथल्या तिथे 'बांडा' असे पडले. पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवणे हा पुढचा रूढ विधी. पण तेवढी छाती आमच्यापैकी कोणाची नव्हती. मी त्याला साकवावरून पऱ्ह्यापलीकडे, शेजारच्या तात्यांच्या आगराच्या कडेला नेऊन सोडले. तिथे पोफळी पुष्कळ आहेत, म्हणजे त्याची आबाळ होणार नाही, असा उदात्त विचार त्यामागे होता. तो तात्यांना सांगण्याची मला गरज वाटली नाही.

चौथ्या रात्री बॅटरीच्या झोतात वाशावर बांडा दिसला. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडात आठळी होती. दोन-अडीचशे पावले ही उंदराला परत येण्याच्या दृष्टीने काहीच नव्हेत, हे मला नंतर वाचायला मिळाले.

यानंतर सल्ले येऊ लागले. मुलाने पुण्याहून भिंतीत खोचायचे एक यंत्र पाठवले. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ते उंदरांना पळवते म्हणे; पण आषाढात आमच्याकडे वीजच अशी येऊन-जाऊन असते की उंदरांना त्या आवाजाचा त्रास झालाच असेल, तर फार तर दुपारच्या झोपेत झाला असावा. दुकानदाराने दिलेल्या चिकट पुठ्ठ्याला पहिल्या रात्री एक पाल चिकटली आणि दुसऱ्या रात्री, ती सोडवायला गेलेला मी. माझ्या कोपरावरून तो पुठ्ठा उतरवायला अर्धी वाटी खोबरेल तेल आणि पत्नीचा पाऊण तास खर्ची पडला. त्या पाऊण तासात ती जे बोलली ते इथे लिहिण्याजोगे नाही. कोणी म्हणाले सुका बोंबील भाजून लावा, त्याच्या वासावर उंदीर आंधळेपणाने येतो. श्रावण लागायला आठ दिवस होते, म्हणजे बोंबलाला मुदत होती. वास दूरवर गेला, त्यावर मांजर आले, त्याने पंजा घालून बोंबील काढून खाल्ला, आणि मग उंदीर धरण्यात त्याला रस उरला नाही. ते आमच्या चुलीपाशी पोट वर करून झोपले आणि पाच दिवस मुक्काम करून गेले.

राहता राहिला औषधाचा मार्ग. त्यात मी पुस्तकी शिस्तीने उतरलो. उंदराला ओकता येत नाही, त्यामुळे नव्या खाण्याच्या बाबतीत तो अत्यंत संशयी असतो. आधी चिमूटभर चाखतो, बाधले तर त्या पदार्थाचे नाव काढत नाही. म्हणून झिंक फॉस्फाइड वापरायचे झाल्यास आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड तेल लावून ठेवायची, त्याचा विश्वास बसला की मग 96 भाग भरड, 2 भाग तेल आणि 2 भाग औषध असे मिश्रण द्यायचे, अशी शेतीखात्यातली पद्धत आहे. मी तीन रात्री तांदळाची भरड, शेंगदाण्याचे तेल आणि चवीला चिमूटभर साखर असे माळ्यावर मांडले. तिन्ही रात्री पान चाटूनपुसून स्वच्छ झाले. भुकेने मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात आणि हिंदी बोलणाऱ्याच्या पोटात उंदीर धावतात. आमच्याकडचे उंदीर मात्र पोट भरल्यावर धावत, आणि तेही थेट आमच्या बिछान्यावर. चौथ्या दिवशी, रुमालाने नाक बांधून मी औषधाची पुडी फोडणार एवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली.

"या घरात उंदीर पडायचा नाही," ती म्हणाली.

तिच्या 'पडणे' या शब्दाला इतिहास आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये उंदरावरच्या पिसवांचा त्यातला हात दाखवून दिला. पण आईच्या आजीच्या गावाला त्यासाठी डॉक्टरची गरज नव्हती. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, भांडीकुंडी उचलायची आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे, एवढे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते. आईने हे सारे आजीच्या मांडीवर ऐकलेले. त्यातून देवघर बरोबर माळ्याखाली, आणि मेलेला उंदीर फळ्यांच्या आड कुठे जाऊन सडेल त्याचा नेम नाही. मी पुडी परत केली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत. हिशेब केला तर तीन दिवसांची तेल लावलेली भरड ही निव्वळ मेजवानी झाली होती.

शेवटी गंगारामला बोलावले. दर वैशाखात तो आमचे घर शाकारतो, कौले परतून घेतो, फुटकी बदलतो; यंदा मजुरी वाढली म्हणून 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणून मी त्याला परत पाठवले होते. तो वर गेला, दहा मिनिटे काही बोलला नाही आणि खाली उतरून माझ्याकडे, आठळीकडे पाहावे तसे पाहत म्हणाला, "तुमी रोज वर ताट वाढताव, दार उगडा ठेवताव, मंग ते जातील कशाला?"

माझ्या लक्षात आले की गेल्या महिनाभरात भजे, पोळी, खोबरे, बोंबील, भरड असे जे जे मी शिडीवरून वर नेले, ते सगळे खाण्याचेच होते. एकही वस्तू अशी नेली नव्हती की जी खाता येत नाही.

गंगारामने नेल्या त्या सगळ्या तसल्याच होत्या. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधल्या फटीत त्याने बारीक भोकांची लोखंडी जाळी कोंबून वरून सिमेंट थापले, सरकलेली कौले बसवली, आणि ज्या फणसाने आम्हांला आठळ्या दिल्या त्याचीच एक फांदी पाखावर टेकली होती, ती कोयत्याने उतरवली. उंदरांचा हमरस्ता तोच होता. आठळ्या, सुपाऱ्या आणि भात झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेले. दोन दिवसांचे काम आणि शाकारणीच्या दीडपट मजुरी; गंगारामने ती मागताना आवाजही चढवला नाही.

त्या रात्री माळा गप्प होता. आम्ही दोघे उगीचच जागे राहिलो. दुसऱ्या रात्री, साधारण दोनच्या सुमारास, डब्यात भरायची राहून गेलेली एक आठळी गडगडत गेली.

दारे बंद करण्याआधी पाहुणे सगळे गेले का हे पाहायचे असते. आम्ही ते पाहिले नव्हते. तीन रात्री ती एकच आठळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली, आणि चौथ्या पहाटे, बाकी काहीच खायला न उरल्यामुळे, जुन्या पिंजऱ्यात जुन्याच भज्यासाठी बांडा येऊन बसला.

उजाडायच्या आत मी पिंजऱ्यावर गोणपाट टाकले, छत्री घेतली आणि साकवाकडे निघालो. पऱ्ह्या दुथडी भरून चालला होता. साकवाच्या मध्यावर पलीकडून तात्या येताना दिसले. त्यांच्याही एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात गोणपाटाने झाकलेले काहीतरी चौकोनी होते.

"काय, एवढ्या पहाटे?" तात्यांनी विचारले.

"सहज. पाणी किती चढलंय ते बघायला."

"मीही त्यासाठीच."

तात्यांच्या गोणपाटातून बारीक चीची ऐकू आली. माझ्या गोणपाटाने तिला उत्तर दिले. आम्ही दोघेही बराच वेळ लक्षपूर्वक पाण्याकडे पाहत राहिलो.

"यंदा उंदीर फार झालेत हो," तात्या म्हणाले.

"फार."

"आमच्याकडे एक बांडा यायचा," ते म्हणाले, "सुपाऱ्यांवर नुसता तुटून पडायचा मेला. चार-पाच दिवस झाले, दिसत नाही."

"असं?" मी म्हणालो, आणि गोणपाट जरा खाली ओढून घेतले.