दुरडी शिकवणार कोण?

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाने कृषी पर्यटन सुरू करायचं ठरवलंय, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. पुतण्याला पोहण्याचा तलाव, रेन डान्स, शनिवारी डीजे हवा आहे. पुण्याची माणसं त्यासाठीच पैसे मोजतात, असं तो म्हणतो. काका म्हणतात, हा धिंगाणा गावात नको; हुरडा, पिठलं-भाकरी खाऊ घाला आणि अंधार पडायच्या आत लोकांना घरी धाडा. ‘तुमच्याकडे इंग्लंडात काय करतात?’ असं दोघांनीही मला विचारलं.

मी एसेक्समध्ये राहते. इथल्या शेतांवर जुनी लाकडी धान्यकोठारं आहेत, बार्न म्हणतात त्यांना. आताची अवजड यंत्रं त्यांच्या दारांतून आत जात नाहीत, धान्य पत्र्याच्या शेडमध्ये साठतं, आणि जुन्या छपराचा खर्च मात्र चुकत नाही. १९९४ च्या कायद्याने नोंदणी विवाह कचेरीबाहेरच्या मान्यताप्राप्त जागीही लावता येऊ लागले, तेव्हा अनेक बार्न लग्नाच्या जागा झाल्या. ब्रेक्झिटनंतर शेतकऱ्याला एकरामागे मिळणारं सरकारी अनुदानही २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं. मग रविवारी मुलांसकट कुटुंबांना बोलावून टोपल्या विणणं, लोकर पिंजणं, पाव भाजणं सुरू झालं. हौस आहेच, पण मुळाशी गरज आहे. आमच्या चुलतभावासारखीच.

क्रेसिंग टेंपल इथली दोन कोठारं तर तेराव्या शतकातली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हाची. ११३७ मध्ये ही जमीन टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाला दान मिळाली. १९८७ पासून ती एसेक्स कौंटी कौन्सिलकडे आहे. अशा कोठारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा समोरासमोरची दोन उंच दारं बघून कुणी सांगायच्या आधीच मला उमगलं: मधे मळणी, दारं उघडली की आरपार वारा, आणि त्या वाऱ्यावर उपणणी. माझी आजी खळ्यावर सूप धरून वाऱ्याची वाट बघत उभी असायची. आपल्या सुगीला आभाळ कोरडं, म्हणून खळं उघड्यावर. इथे पावसाचा नेम नाही, म्हणून त्यांनी खळंच छपराखाली आणलं. त्या दिवशी मला इथे परकं वाटलं नाही.

गेल्या शरदात जवळच्याच एका शेतावरच्या कोठारात मी आणि माझी आठ वर्षांची लेक टोपली विणायला गेलो. वाळुंजाचे फोक कित्येक दिवस पाण्यात भिजवून मऊ करून ठेवलेले होते. मुलांना सोडून आईबापांनी बाहेर चहा पीत बसायचं नाही, ही पहिलीच अट. दोघांत मिळून एक टोपली. साठीच्या बाई शिकवत होत्या, याच कामावर त्यांचं पोट आहे. नुसत्या बुडालाच तासभर लागला. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे तीन तास कुणाचा फोन खिशातून निघाला नाही. लेकीने मला दोनदा चूक दाखवली आणि ती बरोबर होती. एवढा वेळ एकमेकींच्या हातांकडे बघत आम्ही कधी बसलो होतो?

पण दोघींचे साठ पौंड पडले, आणि तिथे आमच्या रंगाचं दुसरं कुटुंब नव्हतं. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी २००६ पासून जूनमधला ‘ओपन फार्म संडे’ आहे. त्या दिवशी शेतकरी आपलं शेत लोकांसाठी उघडतात, बहुतेक ठिकाणी फुकट. चुलतभावाने गावच्या शाळेसाठी असा एक दिवस ठेवलाच पाहिजे.

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहायला घेतलं, ‘बुरुडाला बोलवा, मुलांना दुरडी विणायला शिकवू दे.’ आणि हात थांबला. इथे ती बाई हे काम निवडून करते. आपल्याकडे कामाचंच नाव जातीला पडलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. आमच्याकडे सुपं-दुरड्या घेऊन येणाऱ्या काकांना आजी पायलीने धान्य मोजायची, पण पाणी वरून ओतायची. मी ते पाहिलंय. त्यांचा मुलगा शिकला, चाकणला कारखान्यात लागला. शहरातल्या पोरांनी फोटो काढावेत म्हणून त्याने पुन्हा कामट्या घेऊन कोपऱ्यात का बसायचं?

बसलाच, तर शिक्षक म्हणून बसावा. दर त्याने ठरवायचा, फलकावर नाव त्याचं, जेवणाची पंगत एकच. नको म्हणाला तर विषय संपला.

डीजेच्या बाबतीत मी काकांच्या बाजूची आहे, पण काकांची योजनाही मला पटत नाही. साठ माणसांच्या भाकऱ्या चुलीपुढे बसून वहिनीच थापणार, आणि ग्रुपवर अजून एकानेही तिला विचारलेलं नाही. शनिवार-रविवार सोडून तिला दुसरी सुट्टी कुठली? तिच्या कष्टाला मजुरी लावा, मदतीला दोन बाया ठेवा, आणि मगच ताटाची किंमत ठरवा.

शेवटी मी एवढंच लिहिलं: आधी वहिनीला विचारा, मग त्या मुलाला फोन करा. रात्री काकांचा फोन आला. वहिनीशी बोलणं झालं होतं, तिने विचार करायला चार दिवस मागितलेत. आणि त्या मुलाचा नंबर आमच्या घरात कुणाकडेच नाही.