‘गावठी’ मानशीबद्दल, ‘जीवरसिक’ यांना

महाशय,

पेशीच्या भागांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी पेज जेवताना पुन्हा वाचली. रात्रीपेक्षा सकाळी जास्त झोंबली.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रॉबर्ट हूकबद्दलचं विधान चुकलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) ‘वीजघर’ म्हणून मी मोकळा झालो. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, हे सांगितलं नाही. आणि मग तुमचं ते वाक्य, जसंच्या तसं: “पेशीपटलाला खाजनातल्या मानसाची गावठी उपमा देऊन लेखकाने विषयाचा पोरखेळ केला आहे, मानस दाबाने उघडतो-मिटतो, पटल निवड करते.” (पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या नदीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार.)

हूकचं आधी. १६६५ साली त्याने बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. मी ‘जिवंत पेशी’ लिहिलं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ‘गावठी’. तुम्ही कुठले ते मला ठाऊक नाही, पण आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘गावठी’ म्हटलं की भाव वाढतो. गावठी मिरची, गावठी अंडी, गावठी केळी. तुम्ही तो शब्द ज्या सुरात वापरलात, तो सूर मला नवा नाही. शहरातून आलेले तपासनीस वर्गात मागच्या बाकावर बसून असंच नाक मुरडायचे.

माझ्या वडिलांनी मानशीवरची मासेमारी तीन वर्षं पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली होती. दहा वर्षांचा असताना मी रात्री कंदील धरून बांधावर उभा राहिलेलो आहे. भरतीला नदीच्या पाण्याचा रेटा आला की दारं मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सुंगटं (कोळंबी) अडकतात. इथवर तुमचं बरोबर, दाबाचाच खेळ. पण मासळीसाठी आत पाणी घ्यायचं असेल तर फळ्या किती काढायच्या आणि किती वेळ, ते बांधावरचा माणूस ठरवतो. जाळ्याचे डोळे केवढे, तेही तोच ठरवतो. याला निवड नाही तर काय म्हणायचं? फळीवर बोट न लावलेल्या माणसाने मला मानस शिकवू नये.

आणि पटल निवड करतं हे मी लिहिलंच नव्हतं का? चौथा परिच्छेद वाचा. (वाचला असता तर प्रतिक्रिया निम्मी झाली असती.) सात-आठ नॅनोमीटर जाडीचा मेदरेणूंचा दुहेरी थर, त्यात रुतलेली प्रथिनं, ऑक्सिजन थरातून सहज पार होतो, सोडियमला मात्र प्रथिनाच्या दारातूनच जावं लागतं. सोडियमचा पंपही तिथे आहे. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, दोन्ही उताराच्या उलट दिशेने, म्हणजे कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ मध्ये दाखवून दिला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. उताराच्या उलट पाणी चढवणं मानशीला जमत नाही, तिथे माझी उपमा तोकडी पडते, हे मान्य. पण तुम्ही हे म्हटलंच नाहीत. तुम्ही ‘गावठी’ म्हटलंत.

अठ्ठावीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. आमची पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत पडतात. सेल मेंब्रेन पाठ करतात, पण तो शब्द कशालाच चिकटत नाही. अशा वर्गाला मी खाजनाच्या बांधावर नेत असे. तिथल्या तिवराचं पान चाटायला सांगत असे. पान खारट लागतं, कारण त्याच्यातल्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात आणि त्यासाठी पेशींना ऊर्जा मोजावी लागते. पंप काय असतो ते पोरांना जिभेवर कळायचं. त्यातली एक मुलगी आज बाहेरगावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने कधी पोरखेळाची तक्रार केली नाही.

बाकी मुद्द्यांचं काय सांगू? केंद्रक नसतं, माणसाच्या पक्व लाल रक्तपेशीत नसतंच. त्या पेशीत तंतुकणिकाही नसतात, हे तुम्हीही लिहिलं नाहीत. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, ‘वीजघर’ हा शब्द तिला अपुरा आहे, सगळं खरं. लेख बाराशे शब्दांचा होता. लयकारिका आणि गॉल्गी पिंड या पेशीच्या उरलेल्या भागांवर तुम्हाला काही बोलायचं नाही, म्हणजे ते तरी बरे जमले असावेत.

पुढच्या खेपेला खऱ्या नावाने लिहा, उत्तर देईन.

आणि मानस स्त्रीलिंगी. ती मानस, मानशीची उपमा. ‘मानसाची’ नव्हे.