गोळ्या बंद करून कुणी व्हॅन गॉग होत नाही

‘दुःख हेच कलेचं इंधन! चित्रकार व्हॅन गॉगने वेडाच्या झटक्यात ‘तारांकित रात्र’ हे चित्र रंगवलं, तुकोबांना दुष्काळाने कवी केलं, सुखी माणसाला काही सुचत नाही आणि गोळ्या प्रतिभा मारतात.’ वर सूर्यास्त, खाली जोडलेले हात. घरच्या ग्रुपवर हे तीनदा फिरलं, मी सोडून दिलं. पण चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने ते वाचून पंधरा दिवस मनाच्या आजारावरच्या गोळ्या घेतल्या नाहीत, हे कळलं तेव्हा डोकं फिरलं.

आधी व्हॅन गॉग. ते चित्र जून १८८९चं, फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयातलं. आकाश पाहिलं वरच्या खोलीच्या खिडकीतून, रंगवलं तळमजल्यावर बसून. खिडकीतून न दिसणारं गाव मनानेच घातलं. याला झटका म्हणतात? झटका आला जुलैत. त्यात त्याने रंग पोटात घातले, चित्रांच्या खोलीत जाणं बंद झालं आणि काही आठवडे काम ठप्प. ऑगस्टमध्ये तो भावाला, थिओला, लिहितो: डॉक्टरांना कळव, बरं व्हायला मला काम हवंय, हे रिकामे दिवस सोसवत नाहीत. झटका आला तेव्हा समोर असलेलं चित्र त्याने तरीही पुरं केलं, हेही त्याच पत्रात आहे. घ्या, एवढं तुमचं.

तुकोबा. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच सांगितलंय. संतांची वचनं पाठ केली, हेही त्याच अभंगात आहे. ते बरं गाळलं! दुष्काळ तर अख्ख्या मुलखाने सोसला होता.

सुखी माणसाचं म्हणाल तर सतराव्या शतकातला चित्रकार रुबेन्स बघा. राजदरबारी मान, पैसा, भरला संसार आणि चित्रांचा ढीग. पुढे.

राहिल्या गोळ्या. काही गोळ्यांनी हात थरथरतो, खोटं कशाला बोलू, भाचीचाही थरथरायचा. ते डॉक्टरांना सांगायचं असतं, ग्रुपला विचारायचं नसतं. त्या पंधरा दिवसांत तिने काय काढलं, मी जाऊन पाहिलं: एका कॅनव्हासवर निळ्या रंगाचा एकच हात, आणि न धुतल्याने वाळून लाकूड झालेले तीन ब्रश. आता डॉक्टरांनी डोस बदललाय. काल तिने नवे ब्रश मागवले.

मजकूर पाठवणाऱ्या काकांना मी व्हॅन गॉगने थिओला लिहिलेलं ते पत्र धाडलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले.