अप्पांचा रात्री दहाचा लाडू

दोन महिने अप्पांचं वजन जागचं हललं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. सदऱ्याच्या बाह्या मात्र लोंबायला लागल्या होत्या. पोटातल्या पाण्यानं काटा धरून ठेवला होता, दंड-मांड्या झिजत होत्या.

लिव्हर सिरॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याचा आजार) कळल्यावर घरात पहिली बंदी आली डाळ, दूध, अंड्यांवर. (दारूवर आणायची सोयच नव्हती, अप्पांनी ती कधी घेतलीच नाही.) ‘यकृताला जड’ म्हणणारे सगळे मायेचेच लोक. पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे: प्रोटीननं रक्तात अमोनिया हे विषारी द्रव्य वाढतं, पेशंट भ्रमात जातो. पण बार्सिलोनात अशाच भ्रमातल्या पेशंटना नेहमीइतकं प्रोटीन देऊन पाहिलं, त्यानं भ्रम वाढला नाही. हा अभ्यास २००४चा! आणि अमोनिया निस्तरायला यकृत कमी पडतं तेव्हा मदतीला येतो तो स्नायूच. तोच आम्ही उपाशी मारत होतो.

आता डाएटिशियननं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, तेही पोटातलं पाणी वगळून धरलेल्या वजनावर. म्हणजे अप्पांना रोज ७० ग्रॅमच्या पुढे. दोन वाट्या वरणात ते कुठून भागणार?

मग भाचा प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला. डब्यावर फुगलेल्या दंडांचा पहिलवान, मागच्या बाजूला बारीक अक्षरात कसकसल्या वनस्पतींचे अर्क. तो मी फोडलासुद्धा नाही. गुळवेलीच्या काढ्यांनंतर यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी पावडर मात्र अप्पा दुधातून घेतात. माझं भांडण पावडरशी नाहीच, ‘डबा आणला, काम झालं’ या समजुतीशी आहे.

कारण खरी गोम वेळेत आहे. आजारी यकृतात साखरेचा साठा फारसा राहत नाही; अशा पेशंटची एका रात्रीची उपासमार म्हणजे धडधाकट माणसाचे दोन-तीन दिवस. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये सिरॉसिसच्या पेशंटपैकी काहींना ७१० कॅलरींचा पूरक आहार दिवसा दिला, काहींना तोच रात्री. वर्षभरात अंग भरलं ते रात्रीवाल्यांचं. म्हणून झोपताना दूध आणि नाचणीचा लाडू, सकाळी उठल्या उठल्या पुन्हा काहीतरी.

सगळ्यात अवघड गेलं ते एकादशी सोडवणं. चाळीस वर्षांचं व्रत. शेवटी आई म्हणाली, “तुमची मी धरते.” अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री लाडवाचा डबा स्वतःच उघडला.