“घाबरू नका, काही करत नाही ती”

मागच्या मार्चमधली गोष्ट. ती लिहायला मला वर्ष लागलं.

पुण्यातली वेताळ टेकडी, सकाळचे साडेसहा. गणेर फुलला होता, झाडावर पान नाही, नुसती पिवळी फुलं. मी आणि चिंगी. चिंगी आमची गावठी कुत्री, एका चहाच्या टपरीमागे सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती. आता चार वर्षांची आहे, अठरा किलोची. चढ संपून सपाटी लागली की मी तिचा पट्टा सोडायचे. रोजच. त्या दिवशीही सोडला.

समोरून एक काकू काठी टेकत येत होत्या. सत्तरीच्या. चिंगी त्यांच्याकडे पळत गेली, शेपटी हलवत, कान मागे पाडून, खेळायच्या मूडमध्ये. काकू दोन पावलं मागे सरल्या, तिसरं पाऊल बारीक खडीवरून घसरलं आणि त्या हातावर पडल्या. मी धावत पोचेपर्यंत माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं जे मी आजवर शेकडो वेळा म्हटलं असेल: “घाबरू नका हो काकू, काही करत नाही ती!”

चिंगीने त्यांना खरंच काही केलं नव्हतं. तिचं नाकसुद्धा त्यांना लागलं नव्हतं. आणि काकूंचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्याआधी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी टेकडी चढायला परवानगी दिल्यावरचा तो चौथा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या मला रागावतील म्हणून तयारी करून गेले होते. त्या रागावल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या, “अगं, तुझी कुत्री गुणी असेल. पण मला पळत येणारं कुत्रं दिसलं की मी नऊ वर्षांची होते.” नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या गावात कुत्रं पोटरीला चावलं होतं. मग पुण्यात मामाकडे राहून चौदा दिवस, रोज एक, पोटात इंजेक्शन. मामा त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि येताना त्या रडून रडून दांडीवरच झोपायच्या.

आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी लोकांना ती पोटातली चौदा इंजेक्शनं माहीत आहेत, घरात कुणीतरी घेतलेली असतात. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. १९११ साली कसौलीच्या संस्थेत डॉ. डेव्हिड सेंपल यांनी ती पद्धत बसवली आणि आपल्या देशात ती २००४-०५ पर्यंत वापरात होती. दुखायची तर भयंकर, शिवाय काही जणांना त्या लसीनेच मज्जासंस्थेचा त्रास होऊन हातपाय लुळे पडायचे. आज लस दंडात देतात, चार-पाच खेपांत काम होतं, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचतात. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. काकूंच्या लहानपणी प्रत्येक गावात असा एखादा मृत्यू लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असायचा.

तेव्हापासून मी ते वाक्य म्हणायचं बंद केलं. “काही करत नाही” हे मला माहीत आहे, कारण चिंगी माझ्या पायाशी झोपते. समोरच्याला ते माहीत असायचं काही कारण नाही, आणि त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आपलं अंग माझ्या कुत्रीच्या हवाली करावं अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. कुणी कुत्र्याला घाबरतं म्हणजे तो माणूस प्राण्यांचा द्वेष करतो, असं आपण कुत्रेवाले फार सहज ठरवून टाकतो. मीही ठरवायचे. कुणी आक्रसून बाजूला झालं की मनात म्हणायचे, काय हे लोक! त्या लोकांमागे काय काय असतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. टेकडी त्यांचीही आहे. त्यांना तिथे घाबरत चालावं लागत असेल तर मी त्यांची अर्धी टेकडी घेतलेली आहे.

सोसायट्यांच्या ग्रुपवर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना फिरत असतात. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, हा भाग आपण सगळे हिरिरीने पुढे पाठवतो. मीही पाठवलाय, आणि तो हक्क मला महत्त्वाचा वाटतो. पण त्याच सूचनांत सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्याने न्यावा आणि त्याची घाण मालकाने उचलावी असाही सल्ला आहे. तो भाग कुणी पुढे पाठवलेला मी पाहिला नाही. कायदाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकूंनी तक्रार केली असती तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता टेकडीवर ज्यांची खरी घरं आहेत त्यांच्याबद्दल. हे मला काकूंच्या प्रसंगानंतर कळायला लागलं, कारण पट्टा हातात धरून चालताना माणूस हळू चालतो आणि खाली बघतो.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर पायाने थोडा खळगा करते, चार खडे इकडेतिकडे, आणि त्यात साधारण चार अंडी. मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. मी एकदा तीन फुटांवर उभी होते आणि मला ती दिसली नाहीत, एका पक्षी बघणाऱ्या काकांनी बोट दाखवल्यावर दिसली. मार्च ते ऑगस्ट हा त्यांचा मुख्य हंगाम, अंडी उबायला साधारण चार आठवडे. एप्रिलच्या उन्हात तिथे उबवण्यापेक्षा अंडी गार ठेवणं हेच मोठं काम असतं. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. हे वाचल्यापासून टेकडीवरच्या खाणीतल्या पाण्याच्या काठावर टिटवी दिसली की मी थांबते.

आणि आपण काय करतो? कुत्रा मोकळा सोडतो, टिटवी डोक्यावर “टिटीव-टिटीव” करत झेपा घालते, कुत्रा तिच्यामागे धावतो, आपण मोबाइल काढून व्हिडिओ घेतो. मी घेतलेला आहे. माझ्या फोनमध्ये चिंगी टिटवीमागे पळतानाचा बावीस सेकंदांचा व्हिडिओ होता, त्याला भरपूर लाइक्स मिळाले होते. ती टिटवी खेळत नव्हती. पायाखाली कुठेतरी तिची अंडी होती.

तित्तिराची घरटीही जमिनीवरच झुडपाखाली, लांडोरीचीसुद्धा. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, त्याच्या शिकारीला तुरुंगवास आहे. कुत्र्याने लांडोरीची पिल्लं मारली तर कुणाला कळतही नाही. “एकदाच पळाली हो मागे, पकडलं नाही काही,” असं आपण म्हणतो. पण टेकडीवर सकाळी एकच कुत्रा येत नाही. प्रत्येकाचा “एकदाच” मोजला तर त्या पक्ष्याला अंड्यांवर बसायला वेळ कधी मिळणार?

कोकणातही हेच. थंडीत कुत्र्यांना घेऊन किनाऱ्यावर जायची हल्ली पद्धत पडली आहे, मीही चिंगीला दापोलीकडे नेलं होतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर ही अंडी वाचवायचं काम उभं केलं, घरटी उचलून कुंपणात ठेवली, कारण अंडी चोरणारी माणसं होती आणि वाळू उकरणारी कुत्री आणि कोल्हे होते. तिथे आपण आपलं उकरायची आवड असलेलं कुत्रं रात्री मोकळं सोडायचं? ओल्या वाळूत टिपणारे छोटे पक्षी तर हजारो मैल उडून आलेले असतात. कुत्र्याने उठवलं की थवा उडतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडतो. परतीच्या प्रवासासाठी अंगावर साठवायची चरबी ते अशा उडण्यात खर्च करतात.

शी उचलण्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि तरी बरेच जण उचलत नाहीत. “खतच होतं” हे खरं नाही. कुत्र्याच्या पोटातल्या गोलकृमींची अंडी मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. पावसात ते सगळं ओढ्यात जातं. वर्तमानपत्राचे तुकडे खिशात ठेवा, चालतात. पिशवीत भरून ती पिशवी झुडपात फेकणारे लोक मला सर्वांत कळत नाहीत. शी तरी पावसात विरली असती, प्लास्टिक तिथेच राहणार.

लस आणि जंताचं औषध हाही बाहेर नेण्याचाच भाग आहे. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील त्या वेळी, बहुतेक ठिकाणी दरवर्षी. डिस्टेंपरची लस विसरू नका. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले, त्यांच्यातल्या काहींच्या तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा हा आजार आहे. आपलं कुत्रं रानात नेताना ते काय घेऊन जातंय याची जबाबदारी आपली.

मला हमखास विचारतात, “मग त्या बिचाऱ्याने मोकळं पळायचंच नाही का?” हा प्रश्न खोटा नाही. चिंगीला पट्ट्यावर आणलं तेव्हा पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ते मला सहन व्हायचं नाही. मग मी तीस फुटांची दोरी आणली, जाड, सुती. हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधायची, गळपट्ट्याला नाही, म्हणजे झटका मानेला बसत नाही. मोकळ्या जागी, कुणी जवळपास नसताना, ती दोरी लांब सोडते आणि तिला हवं तितका वेळ हुंगू देते. एका झुडपापाशी पाच मिनिटं थांबायचं असेल तर पाच मिनिटं थांबते. मी पूर्वी तिला ओढत न्यायचे, माझा व्यायाम व्हावा म्हणून. कुत्र्याचं अर्धं जग नाकात असतं. वीस मिनिटं मनसोक्त हुंगून आलेली चिंगी घरी येऊन जशी झोपते तशी पळून आल्यावरही झोपत नसे. समोरून माणूस दिसला की दोरी गोळा करते, वाटेच्या कडेला होते, तिला बसवते आणि माणूस पुढे गेला की निघते. हे शिकवायला तीन महिने लागले आणि खिशात फुटाणे.

दुसरं म्हणतात, “टेकडीवर भटकी कुत्री मोकळीच असतात, मग आमच्यावरच का?” कारण त्यांच्यामागे कुणी नाही, आणि माझ्या कुत्रीमागे मी आहे. भटक्यांचा प्रश्न खरा आहे, पट्ट्यावरच्या कुत्र्यावर टोळी धावून आली की काय होतं ते मी भोगलंय. पण तो प्रश्न सुटेपर्यंत मी चिंगीला मोकळी सोडली तर त्या टोळीत एक भरच पडते.

महापालिकेकडेही मागायला हवं. प्रत्येक भागात एक कुंपणाची जागा, जिथे कुत्री मोकळी पळतील आणि ज्यांना भीती वाटते त्यांना कुंपणाबाहेरून जाता येईल. कचऱ्याचे झाकणाचे डबे टेकडीच्या पायथ्याशी. आपण कुत्र्याचा परवाना काढतो (काढत नसाल तर काढा), त्या बदल्यात एवढं मागणं रास्त आहे. पण ते मागताना आपल्या हातात पट्टा असलेला दिसला पाहिजे.

काकू डिसेंबरात परत टेकडीवर दिसल्या. मुलगा बरोबर होता. मी लांबूनच दोरी गुंडाळली, वाट सोडून झुडपाच्या बाजूला झाले, चिंगीला बसवलं आणि तिच्यापुढे उभी राहिले. काकूंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “घट्ट धरलीयस ना गं?” त्यांनी विचारलं. मी दोरीचा वेढा मनगटाला गुंडाळलेला हात वर करून दाखवला. त्या वाटेच्या पलीकडच्या कडेने, चिंगीवरची नजर न काढता, हळूहळू पुढे गेल्या. वेताळाच्या देवळाकडच्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच थांबून राहिलो.