ओसाड माळावर शहर वसवू इच्छिणाऱ्यांना

वाळवंटात शहर काढायचा बेत असेल, तर अमेरिकेत नेवाडातल्या ऱ्हायोलाइटचा कित्ता गिरवा. १९०४ च्या ऑगस्टमध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस यांना तिथल्या डोंगरात सोनं दिसलं. तुम्हालाही दिसेल, तेव्हा ते किती आहे हे कुणाला विचारू नका. असले प्रश्न विचारणारे पुढे पाण्याचंही विचारतात.

मग एक नामवंत पैसेवाला गाठा. १९०६ मध्ये पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी तिथली माँटगोमेरी शोशोन खाण घेतली आणि बाकीच्यांचं डोकं चालवायचं कामच संपलं. एवढा मोठा माणूस पैसे घालतोय, तो काय वेडा आहे? लगेच वीज आली, तीन रेल्वे आल्या, ऑपेरा हाउस आलं, गावाचा स्वतःचा शेअर बाजारसुद्धा आला. तो विसरू नका. खडक फोडून सोनं काढण्यापेक्षा कागद विकणं केव्हाही सोपं, आणि त्याने पाठही धरत नाही.

१९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँका गडगडल्या. बांधकाम काढायला हाच मुहूर्त! १९०८ मध्ये कुक बँकेची तीन मजली इमारत उभी राहिली: इटलीचा संगमरवर, महोगनीचं लाकूड, खर्च सुमारे ९०,००० डॉलर. त्याच वर्षी एका इंग्रज खाण अभियंत्याने खाणीबद्दल प्रतिकूल अहवाल दिला आणि शेअर कोसळला. अशा माणसांना गावात उतरूच देऊ नये. पुढच्या वर्षी प्रशस्त पक्की शाळा तयार झाली, तोवर आईबापांनी मुलांसकट गाडी पकडायला सुरुवात केली होती. त्यांची घाई, दुसरं काय!

ऐन भरात तीन ते पाच हजारांची वस्ती होती. १९१० च्या जनगणनेत ६७५ माणसं उरली, १९२० मध्ये १४. खाण १९११ मध्ये बंद पडली, वीज १९१६ मध्ये तोडली. शेजारच्या बीटी गावाने तर खाणकामगार युनियनचं सभागृहच उचलून नेलं.

म्हणून घरासाठी दारूच्या रिकाम्या बाटल्या वापरा. टॉम केली याने १९०६ मध्ये हजारो बाटल्या रचून बांधलेलं घर आजही उभं आहे. संगमरवरी बँकेच्या नुसत्या भिंती उरल्यात. मालाची टंचाई पडणार नाही. शेअरच्या भावाची बातमी आली की गावकरी एकेक बाटली रिकामी करतीलच.